पाट्यावरची अक्षरं

१४ जानेवारी २०२४, आष्टा
विहारात धम्मलिपीचा पहिला वर्ग — सम्राट अशोकाच्या काळातली अक्षरं. धनाजी सरांनी फळ्यावर अधिकचं चिन्ह काढलं, म्हणाले, हा 'क'. गोल काढला — 'ठ'. चौकट — 'ब'. दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि इतकी सोपी! कुणाच्या डोक्यातून निघाली असतील?
घरी येऊन परातीतल्या पिठात बोटानं गिरवत बसले. सासूबाई बघत होत्या. "अंकिता, लिवून झालं असलं तर भाकरी बी थाप." लग्नाला आठ वर्षं झाली, यांचा टोमणा काही शिळा होत नाही.

२१ जानेवारी
तेव्हा ताडपत्रावर लिहायचे म्हणे, भूर्जाच्या सालीवर, कापडावर. ते वाळवीनं खाल्लं. दगडावरचं उरलं. छिन्नीनं एकेक अक्षर — चुकलं तर खोडरबर नाही. काय माणसं!

२३ जानेवारी
सासूबाईंनी हळूच विचारलं, "माझं नाव कसं दिसतंय गं त्यात?" पिठात काढून दाखवलं — बायडा. चौकट, तीन दातांचा आकडा, जिन्याची पायरी. बघतच बसल्या. प्रौढशिक्षणवाल्यांना दोनदा हाकलून दिलेली ही बाई!
"रेशनला अंगठा, ब्यांकेत अंगठा. माझं नाव म्या कवा लिवलंच न्हाई. हे जमंल."


३० जानेवारी
फरशीभर कोळशाची अक्षरं. काढायची त्यांनी, पुसायची मी. आज स्वतःचं नाव न बघता काढलं. मग घरातल्या सगळ्यांची नावं माझ्याकडून काढून घेतली आणि घोटली. भाकरी करपली, तरी बोलल्या नाहीत.

११ फेब्रुवारी
वर्गाची सहल, कराडजवळची लेणी. सासूबाई गुडघे धरत चढल्या. शिलालेखाला हात लावायचा नाही, म्हणून लांबूनच हवेत बोट फिरवत होत्या. "सर, ह्यो माझा य!" सगळे हसले. मग सरांनी लेख वाचून त्यातलं नाव सांगितलं.
"हे नाव लेणं खोदणाऱ्याचं व्हय?"
"न्हाई मावशी, ज्यानं दान दिलं त्याचं."
परतताना गाडीच्या काचेवर बोटानं अक्षरं काढत होत्या. उतरताना म्हणाल्या, "मरायच्या आदी माझं नाव दगडात बघायचं हाय."

१६ फेब्रुवारी
पाट्याला टाकी लावणारा, गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीनं खरबरीत करून देणारा, गल्लीत आलाय. सासूबाईंनी पाटा बाहेर काढला, कोळसा घेतला आणि मला दुकानात पिटाळलं. नाव कोरून घेणार, दुसरं काय. घ्या म्हटलं.

१७ फेब्रुवारी
चटणी वाटायला पाटा ओढला. कडेला अक्षरं. चौकट शोधली — नाही. पायरीही नाही. अधिकचं चिन्ह मात्र आहे. पुन्हा वाचलं. अकिता. टिंब राहिलंय.
"आत्या, हे तर माझं नाव. तुमचं घालायचं होतं ना?"
"ज्यानं दिलं त्याचं नाव घालत्यात," म्हणाल्या. "वाट आता चटणी."