पाय माझे, नेमही माझा

व्हायाला,
गुरुवार, जून

प्रिय फर्गस,

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालास, नीट विचार कर आणि मग सांग. विचार करायला मला दहा मिनिटं लागली. पत्र लिहायला चार दिवस लागले, कारण उजव्या अंगठ्याने एकेक अक्षर पडद्यावर आणायचं म्हणजे तेवढं होतंच. फोनच केला असता, पण फोनवर माझा श्वास पुरत नाही, आणि मी श्वास घ्यायला थांबले की माझं वाक्य तू पुरं करतोस. लहानपणापासून करतोस. तुझी वाक्यं वाईट नसतात, ती माझी नसतात इतकंच. पत्रात तुला मधे घुसता येणार नाही. तेव्हा चहा करून घे आणि शेवटपर्यंत वाच.

इथे सगळं ठीक आहे. थंडी पडलीय, समुद्रात कटलफिश आलेत आणि त्यांना बघायला गावात पाणबुडे. बेकरीत पेस्टी, आपल्या त्या मांस-बटाट्याच्या करंज्या, मिळेनाशा झाल्यात, कारण ओल्या अंगाचे ते लोक सकाळीच सगळ्या संपवतात. आईचे गुलाब मारिविक छाटते. ती सकाळ-संध्याकाळ माझी देखभाल करायला येते हे तुला माहीत आहे. गुलाबांचं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस कात्री घेऊन गेली आणि आईसारखीच काट्यांशी भांडत बसली.

आता मूळ विषय. एप्रिलमध्ये तू म्हणालास, "एक्केचाळीस वर्षांची झालीस तू, आणि आई जाऊन महिना होतो न होतो तोच गोळ्या झाडायचा खेळ खेळायला अ‍ॅडलेडला जातेस." तुला त्या खेळाचं काय आठवतं ते मला ठाऊक नाही. मला सगळं आठवतं. अठ्ठ्याण्णव साल, मागच्या पडवीतला तो संगणक, वर पत्रा तापलेला, आणि पडद्यावर ‘ग्रे गॅरिसन’. समुद्राखालचा तो किल्ला, एकटा शिपाई, आणि बोळाबोळांतून अंगावर येणारी ती चिकट जनावरं. तू सतरा वर्षांचा, मी सतराला तीन कमी. पहिला भाग माझा मी एकटीने संपवला होता, तुझ्या आधी, हे तू कुणाला कधी सांगितलं नाहीस. दुसरा भाग आला तोवर माझा डावा हात कळफलकावरून घसरायला लागला होता. अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांनी आई-बाबांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते आपण दाराबाहेर ऐकलं. स्नायू एकेक करून जातील, असं. परतीचा रस्ता चार तासांचा होता. पोर्ट पिरी मागे पडल्यावर तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "पाय मी चालवतो. बंदूक तू चालव."

तसेच खेळलो आपण. एका शिपायात दोघं. तू चार कळांवर, मी माउसवर, आणि डावीकडे म्हटलं की तू हमखास उजवीकडे. दुसरा आणि तिसरा भाग तसे संपवले. फर्गस, जगात मला कुणी दिलेली ती सर्वांत चांगली गोष्ट होती, आणि ही गोष्ट मी तुला आज सत्तावीस वर्षांनी लिहून कळवतेय, कारण आपल्या घरात असलं काही बोलायची पद्धत नव्हती.

मग तू खाणीवर गेलास. जायलाच हवं होतं. बाबा गेले होते, गावात तुला काम नव्हतं, आणि वीस वर्षांच्या मुलाने बहिणीचे पाय होऊन किती दिवस पडवीत बसावं? मी तेव्हा चिडले नव्हते, आताही नाही. तुला मात्र वाटतं की मी चिडले होते. प्रत्येक नाताळला तू दारातून आत येतोस तोच मुळी माफी मागितल्यासारखा, काखेत माझ्यासाठी एखादं यंत्र घेऊन. ते यंत्र कसं चालतं हे तू मला इतका वेळ समजावतोस की आपलं दुसरं बोलणंच होत नाही.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. कुणालाच नाही. तू गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी बंद पडद्याकडे बघत बसले होते. आई शाळेच्या कँटीनमधून आली, एप्रनसकट शेजारच्या खुर्चीत बसली, चष्मा चढवला आणि म्हणाली, "यातलं चालायचं बटण कुठलं?"

पहिला महिना ती शिपायाला भिंतींवर आपटत होती. जनावर मेलं की ती त्याला म्हणायची, "सॉरी हं, बाळा." खरंच म्हणायची. दाराआड कुणी दबा धरून असेल म्हणून मी थांब म्हणायचे, तर ही आधी शिपायाला दाराशी नीट उभा करायची, जणू कुणाकडे जेवायला आलोय. पण वर्षभरात ती तुझ्यापेक्षा चांगली झाली. रागावू नकोस, पण झाली. डावीकडे म्हटलं की डावीकडेच जायची. दर गुरुवारी दुपारी आम्ही खेळायचो, आणि बोलिंग क्लबातल्या बायकांना ती सांगायची की गुरुवारी किर्स्टीचे व्यायाम असतात. माझे व्यायाम गुरुवारी कधीच नव्हते. सतरा वर्षं तिने त्या बायकांना फसवलं.

हे मी का सांगतेय? अंत्यविधीनंतर सभागृहात, हातात सँडविचची बशी घेऊन, तू तुझ्या बायकोला म्हणालास की आईचं अख्खं आयुष्य किर्स्टीपायी गेलं. मी माझ्या चाकांच्या खुर्चीत होते, तुमच्यापासून चार पावलांवर. खुर्चीतल्या माणसाला ऐकू येत नाही असं पुष्कळांना वाटतं, पण तुलाही वाटावं? तर ऐक. तिचं आयुष्य माझ्यापायी गेलं नाही. माझ्याबरोबर गेलं. ती दमायची, रडायची, मला उचलताना तिच्या पाठीची वाट लागली, हे सगळं खरं आहे, आणि ते तुझ्याआधी मला माहीत आहे. पण ती हसायचीही. तिसऱ्या भागातल्या त्या पाण्याच्या टाकीत आम्ही एकवीस वेळा बुडालो आणि बाविसाव्यांदा बाहेर आलो, तेव्हा एप्रन डोक्यावर फिरवून नाचलेली आई तू पाहिलेली नाहीस. मी पाहिलीय.

मग तिची बोटं सांधेदुखीने वाकली आणि आमचे गुरुवार संपले. वर्षभराने मला कळलं की त्या खेळाचे काही वेडे चाहते तो नव्याने बांधताहेत. ज्यांनी तो मूळ काढला त्यांचं दुकान कधीच बंद झालेलं, आणि नाव ज्यांच्याकडे गेलं त्यांनी ‘विकू नका, बाकी काय वाटेल ते करा’ म्हणून सांगितलेलं. डुनेडिनमध्ये एक, पोलंडमध्ये तीन, ब्राझीलमध्ये एक नवरा-बायको, असे वीसेक लोक, आपापली नोकरी सांभाळून एकेक बोळ, एकेक दार पुन्हा रचत होते. पहिला नमुना त्यांनी सगळ्यांना उघडा केला तेव्हा मी तो उतरवून घेतला. किल्ला तोच, पण आता भिंतींवर ओल दिसत होती, पाण्यात दिवे हलत होते. मी उंबरठ्यावर उभी होते आणि पुढे जाता येत नव्हतं. नऊ कळा लागत होत्या. माझ्याकडे एक अंगठा.

मी त्यांना लिहिलं. डुनेडिनच्या अ‍ॅलिस्टरने, म्हणजे त्यांच्या म्होरक्याने, सभ्यपणे उत्तर दिलं की खेळ अवघड आहे आणि तोच त्याचा जीव आहे, सोपा केला तर तो तो राहणार नाही. बाकीचे एवढे सभ्य नव्हते. एकाने सुचवलं, दुसऱ्यांनी खेळलेलं बघत बसा, तेवढीच मजा येते. मी आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, नम्रपणे पुन्हा लिही. मी लिहिलं. तसंच उत्तर आलं. आई थोडा वेळ वाटाणे सोलत राहिली आणि म्हणाली, "आता नम्रपणा पुरे."

त्या वर्षी मी त्यांना चाळीसहून जास्त पत्रं लिहिली. मला सोपा खेळ नकोय, हेच पुन्हा पुन्हा. जनावरं तेवढीच ठेवा, गोळ्या तेवढ्याच ठेवा, मला मरू द्या, पण माझ्या चुकीने मरू द्या, कळा पोचत नाहीत म्हणून नको. शेवटी त्यांच्यातल्या, पोलंडच्या अग्निएश्का नावाच्या बाईने, कुणाला न विचारता, एक सोय बनवून मला धाडली. मी मान वळवून जिकडे बघेन तिकडे शिपाई चालेल, अंगठा टेकवला की गोळी, दाबून धरला की उडी. सोबत एकच ओळ होती: "मोडून दाखव." मी तीनशे वेळा मोडून दाखवली. ती दुरुस्त करायची, मी मोडायचे. अशी दोन वर्षं. खेळ पुरा झाला तेव्हा बांधणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं, आणि ते घालणारा अ‍ॅलिस्टर होता. आईने ते नाव पडद्यावर पाहिलं. फेब्रुवारीत. पुढचं तुला ठाऊक आहे.

एप्रिलमध्ये अ‍ॅडलेडला त्या नव्या खेळाची पहिली स्पर्धा होती. तू जाऊ नको म्हणालास. मारिविकने गाडी काढली. थेबार्टनच्या एका हॉलमध्ये साठ माणसं, साठ पडदे, आणि चिप्सचा वास. माझी पाळी आली तेव्हा टोपीवाला एक माणूस उठला आणि पंचांना म्हणाला की हे बरोबर नाही, हिच्यासाठी यंत्रच चालतंय. मला नाही, पंचांना. पंच घुटमळले. कुजबुज सुरू झाली. मारिविक तिच्या तगालोग भाषेत काहीतरी पुटपुटली, ते मी इथे लिहीत नाही. मी श्वास घेतला. फर्गस, तिथे माझं वाक्य पुरं करायला कुणी नव्हतं, म्हणून ते मलाच पुरं करावं लागलं. मी त्याला म्हटलं, "ये, माझ्या जागी बस. माझ्या सोयीने खेळ. मी थांबते."

तो बसला. पहिल्या जिन्याशी मेला. पुन्हा बसला, पुन्हा तिथेच. मान जराशी वळली की शिपाई भलतीकडे जातो, आणि नेम धरायचा तर चालणं आधी ठरवावं लागतं, हे त्याला तिसऱ्यांदा कळलं. उठून टोपी काढून म्हणाला, "हे तर जास्तच अवघड आहे." मग पंचांकडे वळून, "बसू द्या तिला."

मी तीन फेऱ्या जिंकल्या. चौथीत मरे ब्रिज गावच्या एका शाळामास्तरणीने माझा धुव्वा उडवला. तिने दया दाखवली नाही. जिन्यावर दबा धरून मला असं टिपलं की मी खुर्चीत हसत सुटले. कुणी मला जिंकू दिलं नाही, फर्गस. माझ्या आयुष्यात हे किती कमी वेळा घडलंय ते तुला समजणार नाही. नीट, बरोबरीने हरून मी घरी आले, आणि वाटेत पोर्ट वेकफिल्डला आम्ही दोघींनी खिमा भरलेला मीट-पाय खाल्ला. आई गेल्यानंतर तेव्हा पहिल्यांदा मला भूक लागली होती.

आता ते पाकीट, रविवारी ज्याचा नीट विचार करायला सांगितलंस ते. मंगळवारी आलं. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवरचं ते केअर होम, बागेकडची खोली, छापील चित्रातली हसरी म्हातारी माणसं. अर्ज तू स्वतः भरलेला, नाव-गाव-आजार सगळं, आणि माझ्या सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी. व्हायालाचं घर विकण्याबद्दल दलालाशी बोलून झालंय हेही त्यात होतं, जरा खालच्या ओळीत. तू हे प्रेमानेच केलंस, यात मला शंका नाही. पण माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मी इथेच राहणार. मारिविकच्या जोडीला सोमवारपासून दुसरी बाई येतेय. मी स्वतः निवडली, तिघींशी बोलून. अग्निएश्काला दुसऱ्या भागाच्या सोयींसाठी मी हवी आहे, आणि यावेळी माझ्यासारखे आणखी अकरा जण मोडतोड करायला माझ्या हाताखाली आहेत. चुकेन, पडेन, कधी तरी तुला घाबरून फोनही करेन. तेव्हा ये. माझा भाऊ म्हणून ये, राखणदार म्हणून नको. तुझा अर्ज जसाच्या तसा, बिनसहीचा, याच पाकिटात परत पाठवतेय. सही हवी होती ना तुला? मारिविकने कागद धरला, पेन मी दातांत धरलं, वीस मिनिटं लागली. ती या पत्राखाली आहे.

तुझीच,
किर्स्टी गेडिस