सर्वसमर्थ देव आणि माझा उजवा पाय

आदरणीय दादांस,

धाकट्याचा प्रभूमध्ये सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? सेमिनरीतले विद्यार्थी अजून तुमच्या तासाला झोपतात का? आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात माझं डोकं तापलेलं आहे, आणि देवाच्या सामर्थ्याविषयी तुम्ही आयुष्यभर शिकवत आलात, तेव्हा हा संताप तुमच्याच दारात आणून ओततो.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे असतात. दिवसभर खिडकीशी बसून राहायच्या, म्हणून तुमच्या भावजयीनं (म्हणजे माझ्या बायकोनं, रागाच्या भरात नाती स्पष्ट लिहिलेली बरी) टूम काढली, की तुमचं एवढं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आईला गाडी शिकवा. मी शिकवायला घेतली. बाई हुशार आहेत, गिअर मऊ हातानं टाकतात, आरशात बघतात (स्वतःला नव्हे, मागची गाडी, असे शिकाऊ विरळाच). सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी पुलपिटावर मूठ आपटून सांगितलं, की आपला देव सर्वसमर्थ आहे, त्याला करता येणार नाही असं काही म्हणजे काही नाही, आणि ‘येत नाही’ हा शब्द ज्याच्या तोंडी आला त्याचा विश्वास कच्चा.

सोमवारी चर्चसमोरच्या उतारावर सासूबाईंनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. चुकून नाही, दादा, ठरवून. खाली दूधवाला सायकल आडवी लावून कुणाशी तरी गप्पा मारत होता. मी ओरडलो, ‘‘ब्रेक, आई, ब्रेक!’’ बाईंनी डोळे मिटले. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो मी उजव्या पायानं असा दाबला की मांडीत गोळा आला. सायकलपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. सासूबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, ‘‘आमेन.’’

आता मला सांगा, माणसानं संतापू नये तर काय करावं? इतकी वर्षं या पायानं कितीकांना खांबांपासून, गटारांपासून आणि एकदा तर पोलीस चौकीपासून वाचवलं, आणि श्रेय घेतंय कोण? मी म्हटलं, आई, तो माझा पाय होता. त्या म्हणाल्या, पाय कुणी दिला? मी म्हटलं, उद्या दाबणार नाही, मग बघा. त्या म्हणाल्या, बघूच. (आणि बघितलं असतं हो त्यांनी!) रात्रीच्या जेवणाला बायकोनं माझ्या पानात फक्त भात वाढला, कारण तिच्या मते वाद मी सुरू केला होता.

म्हणून बुधवारी चर्चमधल्या शास्त्राभ्यासाला मी उभा राहिलो. तुम्ही लहानपणी मला पढवलेलं सगळं बोललो. देवाला खोटं बोलता येत नाही, स्वतःला नाकारता येत नाही, हे शास्त्रच सांगतं. त्याला चौकोनी वर्तुळ काढता येत नाही, पण हा त्याचा दुबळेपणा नव्हे. ते शब्दच पोकळ आहेत, त्यांत करण्यासारखं काही नाही. एवढं ऐकून गदारोळ झाला. गायकवृंद सांभाळणारे आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, देवाला काही येत नाही म्हणणारा माणूस माझ्या गायकांत नको. मला तिथल्या तिथे काढलं! खालचा सूर धरणारा मी एकटा होतो. आता त्यांचं गाणं हवेत तरंगतं.

त्या गोंधळात सासूबाई उठल्या. पाळकसाहेबांना म्हणाल्या, ‘‘मग झालेलं न झालेलं करता येतं का त्याला?’’ त्या तशाच उभ्या राहून सांगू लागल्या. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं त्या सकाळी रेडिओच्या आवाजावरून दोघांचं भांडण झालं होतं. ‘एकदाचे जा, कानाला शांतता तरी मिळेल,’ असं त्या बोलून गेल्या. ते गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून रोज त्या एकच मागत होत्या, की ते वाक्य मी बोललेच नव्हते असं कर.

पाळकसाहेब छताकडे बघू लागले. आणि मी, दादा, वाद जिंकायच्या नादात पटकन म्हणालो, ‘‘नाही. झालेलं पुसणं त्यालाही येत नाही.’’ बरोबरच होतं. पण ते बोलताना मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

गुरुवारी त्या शिकायला आल्याच नाहीत. शुक्रवारी मात्र गाडीत येऊन बसल्या. उतारावर त्यांनी स्वतः ब्रेक दाबला, गाडी थांबवली, आणि समोर बघत म्हणाल्या, ‘‘पुसता येत नसेल, पण त्यांच्यापर्यंत निरोप पोचवता येत असेल ना त्याला, की मला तसं म्हणायचं नव्हतं?’’ तुमचा भाऊ, ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, त्यानं आधी हँडब्रेक ओढला. मग म्हटलं, येत असेल, आई. नक्की येत असेल. त्या म्हणाल्या, ‘‘मग तुम्ही का रडताय? रस्ता दिसायला हवा.’’ (मी रडत नव्हतो. मांडी दुखत होती.)

आणि आता खरा संताप ऐका. परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी ‘देवाला काय अशक्य आहे’ या विषयावर संदेश दिला. खोटं बोलणं, स्वतःला नाकारणं, चौकोनी वर्तुळ, सगळं माझंच, शब्दन् शब्द! लोकांनी माना डोलावल्या. दातांचे डॉक्टर तर सर्वांत मोठ्यानं आमेन म्हणाले. माझं नावसुद्धा नाही. आणि गायकवृंदात मी अजून नाहीच.

वहिनींना सलाम. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा (संतप्त),
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. सासूबाईंना लायसन्स मिळालं. पहिला लांबचा प्रवास त्यांना तुमच्याकडे करायचा आहे, घाट चढून. तुमचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत. घराला रंग काढलाय, पाहुणे आलेत, काहीही कळवा, पण नको म्हणा. (तुम्हाला खोटं बोलता येतं ना?)

आणखी ता. क. : वरचं त्यांनी वाचलं. आम्ही शनिवारी निघतोय, घरच्या (एकाच ब्रेकच्या) गाडीनं. पुढे मायलेकी बसणार आहेत, मला मागची सीट दिली आहे. फाटक सताड उघडं ठेवा, कुंड्या आत घ्या, आणि सकाळपासून दोघांनी प्रार्थनेला बसा.