नकाशावरचा ठिपका

येडशी, मंगळवार, संध्याकाळ

चहा पिताना बाबांनी सहज विचारलं, "रामलिंगाला गर्दी होती का गं?" कॉलेज सुटल्यावर मैत्रिणीसोबत, सुनीतासोबत, देवळात गेले, हे मी घरात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणारच होते.

फोन उघडून पाहिला. माझं लोकेशन बाबांच्या फोनवर कायमचं चालू. म्हणजे दिवसभर मी त्यांच्या नकाशावर एक ठिपका! विकासदादानं लावून दिलेलं. वर मलाच म्हणतो, "लपवायचं काय न्हाय, तर बंद कशाला करतीस?" लपवायचं खरंच काही नाही. तरी मला ते नको होतं.

शाळेआधी बाबांनीच घरी अक्षरं शिकवली. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही, हेही. मग ठिपका बघितलेला चालतो?

गुपचूप बंद करणं मला चोरीसारखं वाटलं. त्यांच्यासमोर बसूनच बंद केलं.

"आता मला कळायचं कसं?"

"विचारा की, बाबा. मी सांगते."

"कुणासंगं गेली होतीस?"

"सुनीतासंगं."

खरं-खोटं जोखल्यासारखं त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मी खरं तेच सांगितलं होतं. तरी मान खाली माझीच गेली.