तोमिरिसचं वजन

प्रिय आई,

अल्माटीहून झान्सायाचा नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

लठ्ठ मुलांच्या आहारावरच्या आमच्या अभ्यासातली नऊ वर्षांची तोमिरिस यायचीच बंद झाली. मी तिचं वजन सगळ्या मुलांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. माझ्या मार्गदर्शक रौझाबाई भडकल्या, "आकडा कागदावर लिही, पोरीच्या तोंडावर मारू नकोस! जा, माफी माग."

काल तिच्या घरी गेले. आजीनं पिठाचे गोळे तळून गरम बाउरसाक पुढे ठेवले. माफी मागितल्यावर तोमिरिस दाराआडून म्हणाली, "येईन. पण आकडा कुणाला सांगायचा नाही. मलासुद्धा."

मी कबूल केलं, तरी चैन पडत नाही. आपली धाकटी मेरुएर्त अजून सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटीच जेवते का गं? तिला 'जाडे' अशी हाक पहिल्यांदा मीच मारली होती. हे पत्र तिलाही वाचायला दे.

तुझी,
झान्साया