हरकत आहे

देवकी, ती डिसेंबरातली दुपार तुला आठवत असेल. अधिवेशनावरचा आपला मोर्चा पोलिसांनी कठड्यापाशी अडवला होता आणि आपण दोघी कडुनिंबाखाली सतरंजी टाकून संत्री सोलत बसलो होतो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारी बसून कॉल जोडायचो तेव्हापासूनची आपली ती रीत, घोषणा झाल्या की संत्री. मी पुन्हा भोंगा उचलला, तेव्हा तू माझ्या पदरावर साल फेकून म्हणालीस, "बस वं आता. कोणाले ओरडून राहिली? मंत्री तं मागच्या गेटनं केव्हाचे गेले." पोट दुखेपर्यंत हसलो. त्याच दुपारी आपल्या गल्लीमागचे मैदान गेले, हे आपल्याला नंतर कळले.

आता रीतसर लिहिते.

मी, श्रीमती चारुशीला कृष्णकांत दंडिगे, वय अडुसष्ट, राहणार महाल, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय फार दिवस साथ देणार नाही असे रामदासपेठेतल्या डॉक्टरबाई म्हणतात. डोके ठिकाणावर आहे असेही त्याच म्हणतात आणि तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घाई मात्र आहे.

पहिले कलम मालमत्तेचे असते हे मला ठाऊक आहे. ते थोडे मागे ठेवते, कारण त्याआधीचे सांगितल्याशिवाय पुढचे कोणाला पटणार नाही.

मैदानाची सूचना पेपरात आली होती. आतल्या पानावर, बारीक अक्षरांत: जागेचे आरक्षण बदलण्याचे योजिले आहे, नागरिकांनी आपल्या हरकती मुदतीत लेखी नोंदवाव्यात. आमच्या नागरिक मंडळाने त्या मुदतीचा शेवटचा दिवसही कठड्यापाशी मुंबई-दिल्लीच्या नावाने घसे फोडण्यात घालवला. पुढे माहिती काढली, तर "प्राप्त हरकती" या शब्दांपुढे लिहिले होते, "निरंक". जिथे कृष्णकांत सायकलचे कॅरिअर धरून आमच्या लेकाच्या, उन्मेषच्या, मागे धावले, तिथे आता दुकानांचे गाळे आहेत.

हा हरकत शब्द तोंडात यायला मला उभा जन्म लागला. कॉन्व्हेंटात कुरकुर करणाऱ्या मुलीला चांगल्या घरची समजत नसत. मी तिथले इंग्रजी शहाणपण घरी मराठीत आणले: हरकत नाही. बघायला आले तेव्हा कृष्णकांत म्हणाले, "दोनच खोल्या आहेत, चालेल ना?" मी म्हटले, हरकत नाही. लग्नानंतर ते मला हाकच तशी मारू लागले. "अहो हरकतनाही, चहा टाकता का?" ते गेल्यापासून मला तशी हाक मारणारे कोणी नाही. कधी कधी गॅससमोर उभी राहून मी ती ऐकू येते का बघते.

आता दुसरी सूचना आली आहे. गल्लीच्या टोकाचे प्रसूतिगृह पाडून तिथे वाहनतळ होणार. उन्मेष तिथे जन्मला. देवकीच्या दोन्ही सुना तिथे बाळंत झाल्या. हरकतींची मुदत या महिनाअखेर संपते. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, "चारुताई, ही बारीक गोष्ट आहे. आपली ताकद वरच्या लढाईसाठी राखून ठेवू." उन्मेष पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, देश कुठे चाललाय आणि तू पार्किंगचं काय घेऊन बसलीस?"

देश कुठे चालला आहे ते मलाही दिसते, बाळा. त्या काळजीने माझीही झोप उडते. पण दिल्लीने मला काही विचारलेले नाही. या कागदाने विचारले आहे. जिथे आपल्या उत्तरासाठी जागा सोडली आहे, ती आपण कोरी ठेवतो आणि जिथे कठडा आहे तिथे जाऊन ओरडतो. मोर्चाला जाऊ नका असे मी म्हणत नाही, मीही आयुष्यभर गेले. आधी हे करा, मग जा.

मला आता जिना उतरवत नाही. माझी स्वतःची हरकत देवकीच्या हाती पाठवली, पण दारोदार जाऊन इतरांच्या मिळवणे संपले. बैठकीला न येणारी माणसे मयतीला मात्र येतात. तेवढाच एक उपाय माझ्या हातात उरला आहे. देवकीला हे वाचून दाखवले तर म्हणाली, "मेल्यावर बी सह्याच गोळा करून राहिली का वं?" होय.

कलम १. माझ्या तेरवीला पाने मांडण्याआधी प्रत्येकाने प्रसूतिगृहाबाबतची हरकत स्वतःच्या नावाने, स्वतंत्र कागदावर लिहून सही करावी. आधी सही, मग पान. मुदत त्याआधी संपत असेल तर घाटावरच सह्या घ्याव्यात. लाकडे रचायला वेळ लागतोच. मी मुदतीनंतर गेले, तर माझ्याही हातून एका कागदापलीकडे काही झाले नाही असे समजावे आणि वरणभात जेवून घरी जावे.

कलम २. राहत्या दोन खोल्या देवकी हेडाऊ हिला तिच्या हयातीपर्यंत वापरायला द्याव्यात, नंतर उन्मेषला. बाहेरच्या खोलीत रोजचा पेपर यावा आणि त्यातल्या अशा सूचना तिने गल्लीतल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवाव्यात. देवकीनेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

कलम ३. बँकेतून पेपरचे बिल आणि झेरॉक्सचा खर्च भागेल इतके देवकीला द्यावे, बाकी सर्व उन्मेषला.

कलम ४. भोंगा देवकीला. तो मंत्र्यांच्या गेटाकडे नव्हे, आपल्या गल्लीकडे तोंड करून वापरावा. सतरंजी प्रसूतिगृहाच्या ओसरीवर थांबणाऱ्या बायकांना, ओसरी राहिली तर. माझे भिंग मधुकररावांना. त्यांना बारीक गोष्टी दिसत नाहीत.

कलम ५. कृष्णकांतांचे घड्याळ आणि ती जुनी सायकल उन्मेषला. घर लगेच हाती येत नाही याचा त्याला राग येईल. त्याची या मृत्युपत्रास हरकत असेल, तर ती त्याने नागपूरला स्वतः येऊन, मुदतीत, लेखी नोंदवावी. आला म्हणजे प्रसूतिगृहाची हरकतही त्याच हाताने लिहून द्यावी. देवकी चहा टाकेल.

लिहून देणार: चारुशीला कृष्णकांत दंडिगे

आमच्यासमोर लिहिले व सही केली:
डॉ. प्रियदर्शनी वानकर, रामदासपेठ
बबनराव निखारे, शेजारी, महाल

नागपूर, १२ नोव्हेंबर २०२५