अडचण नसलेला मुख्याध्यापक

१५ जून १९७४, शनिवार

शाळा सुरू. यंदाचे संकल्प: पहाटे उठणे. नव्या गणिताचं पुस्तक स्वतः पूर्ण वाचणे. हाक्केचा विचार न करणे.

अकरावीची मॅट्रिक संपली, आता दहावीला बोर्ड. पहिलीच बॅच आणि तिच्यात आमची लीला. दहावीचं गणित मी स्वतः घेणार. पुस्तक चाळलं. पहिलाच धडा 'संच'. महिरपी कंसात आंबा, पेरू, चिकू लिहिलेत. सोपं आहे.

हाक्केचा विचार एकदाच आला, तोही त्यानेच केलेल्या नमस्कारामुळे. तालुक्याच्या स्टँडवर भेटला. अर्जुना धुळा हाक्के, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आता खडकमाळच्या शाळेचा हेडमास्तर. साताऱ्याला बी.एड. करताना आम्ही एका खोलीत होतो. स्टोव्ह पेटवायला त्याला मी शिकवलं. आता त्याची शाळा पत्र्याची, आमची दुमजली, कौलारू, उसाच्या पैशातली. आमच्या दोन गावांमध्ये फक्त कॅनॉल आणि एक चढ. तरी आमच्या बोरबनची माणसं मला विचारतात, "हाक्केसर कसं हाईत?" मी कसा आहे हे कुणी विचारत नाही.

२२ जून, शनिवार

विद्यापीठाचं पत्र. मुख्याध्यापकांच्या मदतीसाठी 'विस्तार सेवा' सुरू होतेय. प्रोजेक्टर, विज्ञानाचं साहित्य, पुस्तकांची पेटी. रविवारी प्राध्यापक स्वतः जीपने येऊन शिकवणार. आमच्या भागात एका शाळेला केंद्र मिळणार.

कोणत्या शाळेला, हा प्रश्नच नाही. ऑफिसशेजारची खोली रिकामी करायला शिपाई कोंडीबाला सांगितलं. त्याने विचारलं, तिथल्या शेळ्या कुठं बांधू. शेळ्या त्याच्याच. मी म्हणालो, विद्यापीठ येतंय, शेळ्यांचं तू बघ.

३० जून, रविवार. सांगली स्टँड

मीटिंग झाली. विद्यापीठाकडून प्रा. बेडकिहाळ आले होते. बारीक, चष्मेवाले, हळू बोलणारे. म्हणाले, एकेकाने उठून शाळेची अडचण सांगा.

लोकांचा भोळेपणा बघून थक्क झालो. कुणी म्हणे प्रयोगशाळा नाही, कुणी म्हणे मुली गळतात. हाक्के उठला आणि भर सभेत म्हणाला, "सर, मला ह्ये नवं गणितच येत न्हाई. मलाच येत न्हाई तर पोरांस्नी काय शिकवू?" त्याच्या वतीने मलाच लाज वाटली. एम.ए., बी.एड. माणूस!

माझी पाळी आली. मी कोट सारखा केला आणि म्हणालो, "आमच्या शाळेला अडचण नाही." सभा गार. बेडकिहाळांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. छाप पडली.

यामागे अनुभव आहे. शिरवळला असताना तपासणीला आलेल्या साहेबांना मी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की वर्ग गळतो. त्यांनी शेरा मारला: मुख्याध्यापकांचे इमारतीकडे दुर्लक्ष. तेव्हापासून माझ्या शाळेत काहीही गळत नाही.

९ जुलै, मंगळवार

विद्यापीठाची जीप आमच्या गेटवरून गेली. थांबली नाही. खडकमाळला गेली.

कोंडीबा बघून आला. म्हणाला, "लय भारी, सर. पडद्यावर काळीज दाखवलं. धडाधडा उडतंय नुसतं. म्हाताऱ्या बायाबी आलत्या." मी म्हणालो, काळजाचा तक्ता आपल्याकडेही आहे. तो म्हणाला, "व्हय, पर त्यातलं अर्ध उंदरानं खाल्लंय."

मला हेवा वगैरे वाटत नाही. बेडकिहाळांना आपली शाळा दाखवली नाही, एवढीच चूक. आजच निमंत्रण पाठवलं.

१६ जुलै, मंगळवार

उद्या ते येणार. तयारी चोख.

पलीकडच्या एका हायस्कूलातून बैलगाडीभर सामान उसनं आणलं: परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, पृथ्वीचा गोल, सांगाडा. तपासणीच्या वेळी आम्ही हेडमास्तर मंडळी एकमेकांना असं सांभाळून घेतो. तो सांगाडा या भागातल्या सगळ्या शाळांतून फिरलेला आहे. भिंतींना चुना मारला.

दहावीच्या वर्गाला जुनी युक्ती शिकवली. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. म्हणजे वर्ग हुशार दिसतो आणि कुणाला उठवायचं ते मला कळतं.

आषाढ चालू आहे, तेव्हा मटणाचा बेत. विजयमाला म्हणाली, पाव्हण्यांना विचारलंय का? बायकोला प्रत्येक गोष्टीत शंका काढायची सवय आहे.

१७ जुलै, बुधवार

भेट यशस्वी. काही किरकोळ गोष्टी घडल्या.

बेडकिहाळ जैन निघाले. दही-भाकरी खाल्ली. खडकमाळलाही म्हणे तेच खाल्लं होतं, म्हणजे त्यात हाक्केचं कौतुक नाही.

वर्गात त्यांनी संचावर प्रश्न विचारला. सगळे हात वर. मी एका उजव्या हाताला उठवणार, तोवर त्यांनी स्वतःच भलत्याला उठवलं. पाटलांचा आकाराम. तो म्हणाला, "सर, माजा डावा हाय. उजव्याला इचारा." बेडकिहाळ खळखळून हसले. मीही हसलो. मुलांत विनोदबुद्धी आहे हे त्यांना दिसलं.

मग प्रयोगशाळा बघितली. सांगाड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, याला मी आधीही कुठंतरी भेटलोय. जाताना हात जोडून म्हणाले, "तुमच्याकडे सगळंच आहे. तुम्हाला आमची काहीच गरज दिसत नाही."

माझ्या नोकरीत कुठल्याच साहेबाने इतका चांगला शेरा दिला नव्हता. केंद्र आपलं. विजयमालाला तसं सांगितलं. ती फक्त हूं म्हणाली.

२ ऑगस्ट, शुक्रवार

केंद्र खडकमाळला.

जेवलो नाही. पोट ठीक नव्हतं.

३ ऑगस्ट, शनिवार

कारण सरळ आहे. हाक्के रडला, म्हणून त्याला मिळालं. मी रडलो नाही. स्वाभिमानी माणसाला या देशात केंद्र मिळत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. दुपारभर खिडकीत बसून होतो ते वाऱ्यासाठी. जीप दोनदा गेली. एकदा तिच्यावर पुस्तकांची पेटी होती. मोठी पेटी होती.

१८ ऑगस्ट, रविवार

खडकमाळला दर रविवारी गणिताचा वर्ग चालतो आणि आजूबाजूच्या गावांची पोरं तिथं जातात म्हणे. बोरबनचीही. कोण ते कोंडीबा सांगत नाही.

उपाय: आजपासून माझाही रविवारचा वर्ग. सकाळी घंटा दिली. हजर: मी, कोंडीबा, शेळ्या. पाऊस होता.

लीलालासुद्धा यायला सांगितलं होतं, पण ती दर रविवारी रंगूबाईकडे, तिच्या मावशीकडे, कामाला मदत करायला जाते. आईनेच लावून दिलंय. एवढं कसलं काम निघतं कोण जाणे.

१४ सप्टेंबर, शनिवार

चाचणीचे पेपर तपासले. एक गंभीर प्रकार. पुस्तकात 'रिक्त संच' म्हणून एक भानगड आहे, म्हणजे ज्यात काहीच नाही असा संच. मी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की ज्यात काही नाही त्याला संच कशाला म्हणायचं, ते सोडून द्या. तरी बऱ्याच पोरांनी लिहिलंय: 'रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो.' सगळ्यांचं वाक्य तेच. उघड कॉपी.

सगळ्यांना शून्य. त्यात लीलाही होती. तिलाही शून्य. स्वतःच्या मुलीला शून्य देणारा हेडमास्तर जिल्ह्यात दुसरा नसेल. हे हाक्केला कळलं पाहिजे.

लीलाने पेपर घडी करून ठेवला. विजयमालाने आमटीत मीठ जास्त घातलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

ठरलं. उद्या खडकमाळला स्वतः जाऊन आमची कुठली पोरं तिथं बसतात ते डोळ्यांनी बघणार. सोमवारी एकेकाच्या बापाला बोलावणार. शिस्त म्हणजे शिस्त.

६ ऑक्टोबर, रविवार

गेलो. कॅनॉल ओलांडून चढ चढलो. समोरून गेलो नाही, मागच्या बाजूने गेलो. पत्र्याला खिळ्याची भोकं आहेत, त्यातून आत दिसतं.

बेडकिहाळ शिकवत नव्हते, बाजूला उभे होते. हाक्के शेवटच्या बाकावर, पोरांमध्ये, मांडीवर पाटी घेऊन बसला होता. फळ्यापाशी एक मुलगी उभी राहून सगळ्यांना रिक्त संच समजावून सांगत होती. आवाज ओळखीचा वाटला. मग ती वळली.

आमची लीला.

हाक्केने काहीतरी विचारलं, तिने सांगितलं, तो म्हणाला, "आता बसलं बघ डोस्क्यात!" आणि पोरं हसली. तीही हसली. मग तिने त्याला एक शंका विचारली.

घरात गणिताचा मास्तर आहे. इतक्या वर्षांत पोरीने मला एक शंका विचारलेली नाही. त्या माणसाला केंद्र मिळालं, प्रोजेक्टर मिळाला, पेटी मिळाली, ते सगळं मी गिळलं असतं. ही शंका गिळता येत नाही.

नावं टिपायची राहिली.

७ ऑक्टोबर, सोमवार

विजयमालाला जाब विचारला. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "तुमास्नी अडचण न्हाई, त्ये तुमी सांगलीत सांगून आलाय. पोरीला हुती. मीच धाडली."

म्हणालो, मला का सांगितलं नाही? म्हणाली, हाक्केभावजींनीच बजावलं होतं, भाऊसोला, म्हणजे मला, कळू देऊ नका, त्याच्या मनाला लागंल.

म्हणजे माझ्या मनाचा विचारसुद्धा त्यानेच करायचा! एवढा चांगुलपणा दाखवायचं त्याला काय कारण? रात्री जेवलो, पण चव लागली नाही.

पुस्तक काढून रिक्त संचाचं पान वाचलं. परत वाचलं. पोरांनी लिहिलं होतं ते बरोबर दिसतं. चुकून छापलं असेल म्हणून मागचं शुद्धिपत्र पाहिलं. त्यात नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

चाचणीचे गुण दुरुस्त केले. वर्गाला सांगितलं, बोर्डाकडून खुलासा आलाय.

उद्या लीलाबरोबर खडकमाळला जाणार आहे. फक्त निरीक्षक म्हणून. मुख्याध्यापकाने शेजारच्या शाळा पाहिल्या पाहिजेत. कोट इस्त्री करून घेतला. मागच्या बाजूने जायचं नाही, समोरून जायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

समोरून गेलो. सगळ्या पोरांनी उठून नमस्ते केलं. हाक्केने नवल दाखवलं नाही, हाच त्याचा मोठेपणा, आणि तोच मला सहन होत नाही. शेवटच्या बाकावर सरकला आणि म्हणाला, "ये गड्या, बस." खुर्ची नव्हतीच. बसलो. बाक बुटका, गुडघे हनुवटीला. बेडकिहाळांनी विचारलं, कुणाला शंका? हाक्केने दोन विचारल्या. माझा हात वर गेला नाही. डावाही नाही.

परत येताना कॅनॉलवर लीला पुढे, मी मागे. दोन्हीकडे ऊस, रस्त्याला कुणी नाही. मी सहज विचारल्यासारखं केलं, की ते रिक्त संचाचं नक्की काय आहे गं.

ती थांबली. मागेपुढे बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आबा, समजा माळावर मेंढरं हाईत." मी म्हणालो, मेंढरं नकोत, हे हाक्केचं आहे, तू उसाचं सांग. तिने विचार केला. म्हणाली, "बरं. आपल्या फडातनं तुमी माणसांस्नी ऊस न्यायला सांगितला, ज्याला जेवढा पायजे तेवढा. कोण मोळी न्हेईल, कोण एकच न्हेईल. एकजण मोकळ्या हातानं गेला. पर त्योबी आपल्याच फडातनं गेला न्हवं? म्हून त्योबी धरायचा."

मी म्हणालो, मोकळ्या हाताने गेलेल्याला कशाला धरायचं?

तेवढ्यात समोरून कोंडीबा सायकलवर आला. लीला एकदम मोठ्याने बोलायला लागली, आईनं आज काय केलं असंल, वांगं का घेवडा. तो सलाम करून लांब जाईपर्यंत वांग्याचंच बोलत राहिली.

मी म्हणालो, समजलं मला.

"न्हाई समजलं तुमास्नी, आबा," ती म्हणाली, आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली.