शंभरांपैकी शंभर

६ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा डबा काल पोचला. झाकणाला भोकं सुईने पाडलीस, त्यामुळे बऱ्याच अळ्या वाटेतच गुदमरल्या. चूक काढत नाही, पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवतो. तुझ्या कोबीच्या पानांत अकरा जिवंत सापडल्या.

तुझा प्रश्न नीट समजला. सासऱ्यांचं जुनं औषध या अळ्यांना अजून मारतं का, की नवं मागवायचं. बाहेरचा किडा आमच्या प्रयोगशाळेच्या कीटक-खोलीत आणायला सक्त बंदी आहे, कारण तिथे याच अळ्यांची ‘भोळी’ जात ठेवलेली आहे. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी ती अकरा वर्षं औषधाचा वासही न देता वाढवली आहे. थोड्याशा औषधानेही ती मरते, म्हणून बाकीच्या अळ्या तिच्याशी ताडून पाहतात. तुझ्या अळ्या मी सामानाच्या खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवल्या आहेत. बाईंना सांगितलेलं नाही. अडचण एकच आहे. शंभरांहून कमी अळ्यांवर केलेल्या तपासणीला बाई तपासणी म्हणत नाहीत. पण काढतो काहीतरी मार्ग.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१३ सप्टेंबर

चि. काटेकोरराव यांस,
अ. उ. आ.

भोकांचा उपदेश पोचला. पुढच्या वेळी अळ्यांना खिडकीजवळची जागा देईन.

थट्टा बाजूला. हे कोबीचं रान मामंजींनी या एका हंगामापुरतं माझ्या हाती दिलंय. पीक साधलं तर कायमचं माझ्याकडे, नाही तर धाकटे भाऊजी तिथे फळझाडं लावणार. घरात कुणी तोंडावर बोलत नाही, पण सगळे वाट बघतायत. शेजारी म्हणतात ते औषध आता पाण्यासारखं झालंय. मामंजी म्हणतात लोकांना मापच कळत नाही. मी कुणाचं ऐकू? तू रोज त्याच कामात असतोस, म्हणून तुझ्यावर ठेवलंय. गड्डे धरायच्या आत कळव.

तब्येतीला जप. जेवताना पुस्तक वाचू नकोस.

तुझी,
ताई


५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल हाती आला. अकरा अळ्यांपैकी चारच पतंग होऊन कोशातून बाहेर पडले आणि चारही नर. त्यांची वीण वाढावी म्हणून मी भोळ्या जातीतल्या वीस माद्या त्यांच्या पिंजऱ्यात सोडल्या. अंडी आली, अळ्या झाल्या. त्यातल्या बरोबर शंभर मोजून घेतल्या आणि बाईंच्या मापाने औषध दिलं. तीनदा मोजल्या. शंभरांपैकी शंभर मेल्या. एकही हलली नाही.

तेव्हा सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे. जुनंच औषध मार, निश्चिंत राहा. मला फार आनंद झाला आहे. शाळा नववीत सुटली तरी तुझ्या उपयोगी पडलो.

विसरू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा


२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तीन फवारण्या झाल्या. आधी पानांवर अळी शोधावी लागायची, आता पान शोधावं लागतं. अळ्या खाणाऱ्या बारक्या माश्या होत्या, त्या तेवढ्या मेल्या. गड्ड्यांची चाळण झालीय.

तुझा निकाल मी मामंजींना वाचून दाखवला होता, त्यामुळे औषधाला कुणी दोष देत नाही. दोष माझ्या हाताला. मी माप चुकले, पाणी जास्त घातलं, असं सगळ्यांचं ठरलंय. पहिल्यांदा भांडले. आता मलाही वाटायला लागलंय की चुकलेच असेन. काल रिकाम्या बादलीत चारदा मापून पाहिलं, तरी खात्री पटेना.

तुझं काय म्हणणं आहे ते लिही.

ताई


९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. लोकांचं मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल. इथे काम फार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझा,
धाकटा


१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माप तू चुकली नव्हतीस. चूक माझी आहे.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात बाई नव्या मुलांना शिकवत होत्या आणि मी शेजारच्या खोलीत पिंजरे पुसत होतो. औषध अळीच्या मज्जातंतूंमधल्या एका बारीक दाराला चिकटतं आणि तिला लुळं करतं. ते दार कसं घडवायचं याची सूचना, म्हणजे जनुक, अळीला एक आईकडून मिळतं आणि एक बापाकडून. काही अळ्यांत ते बदललेलं असतं आणि औषध चिकटत नाही. पण या औषधापुरतं तरी, दोन्हीकडून बदललेलं आलं तरच अळी वाचते. एकाच बाजूने आलं तर ती भोळीसारखीच मरते.

बाईंनी हे शर्टाची काळी-पांढरी बटणं मांडून दाखवलं. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. तुझे चार नर, आणि माद्या मी दिलेल्या भोळ्या. त्यांच्या प्रत्येक अळीला आईकडून भोळंच जनुक मिळालं होतं. मी शंभर मारल्या त्या तुझ्या रानातल्या नव्हत्याच. तुझ्या रानात दोन्हीकडून बदललेलं जनुक घेऊन जन्मलेल्या अळ्याही होत्या. तू औषध मारलंस तशा उरलेल्या मेल्या आणि त्याच तेवढ्या वाढल्या.

हे कळल्यावरही नऊ तारखेचं पत्र मी तसं लिहिलं. नोकरी जाईल ही भीती होती. त्याहून जास्त भीती तुझी होती. नंतर पाच वेळा लिहायला बसलो. दरवेळी वाक्यं सुधारत बसलो आणि कागद फाडला.

काल बाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं की मी शंभर मोजल्या खऱ्या, पण कुणाच्या मोजल्या? मला कीटक-खोलीतून काढून भांडी धुवायला लावलं आहे. ते योग्यच आहे.

हे पत्र सासऱ्यांना वाचून दाखव. सगळ्यांसमोर दाखव. लोभ मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
धाकटा


२० डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र सगळ्यांसमोर वाचलं. मामंजींनी पुन्हा वाचायला लावलं, मग उठून अंगणात गेले. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले की सूनबाईचं माप बरोबर होतं. भाऊजींनी मान खाली घातली.

पण रान गेलं. मागच्याच महिन्यात मी स्वतःहून सोडलं. माझ्या हाताचा भरवसा नाही असं मीच त्यांना म्हणाले. झाडांचे खड्डे खणून झालेत, रोपं लागलीत. ती आता कुणी उपटणार नाही, आणि मीही उपटा म्हणणार नाही.

रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. चार दिवस तुझं नावही काढलं नाही. शंभर अळ्यांचा घोळ मी समजू शकते. बाईंसारखं शिकलेल्यालाच तो कळायचा. पण चार नर बाहेर पडले तेव्हा मला काय हवं होतं, सांगू? यावरून काहीच सांगता येत नाही, एवढं एक वाक्य. ते आलं असतं तर मी शेजाऱ्यांचं ऐकलं असतं. तुला माझ्यासमोर अडाणी दिसायचं नव्हतं, म्हणून तू ते लिहिलं नाहीस. मी कधी तुला अडाणी म्हटलं होतं रे?

भांडी धुताना हातमोजे घाल. माया आहेच. राग अजून थोडा आहे. तो गेला की कळवीन.

तुझी,
ताई